पणजोबांच्या समाधीआधी आजोबांचा मामा शोधा

बाळीवेशीतून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून नाही छापत, मजकूर तेवढा थोडक्यात सांगतो. त्यांचे पणजोबा अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातून सोलापूरला आले, जुन्या मिलमध्ये कामाला लागले आणि १९१८ च्या मानमोडीच्या म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले. घर लिंगायत, म्हणजे पुरलं असणार हे नक्की, पण कुठं ते आज घरात कुणालाच सांगता येत नाही. आजोबा तेव्हा तान्हे होते, शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९१६ आहे. ताईंच्या वडिलांनी आता ऐंशी पार केलीय आणि त्यांना एकदा त्या समाधीवर फूल वाहायचंय. ताई एका ऑफिसात चौकशीला गेल्या तर "एवढं जुनं काय नसतंय ओ" म्हणून वाटेला लावलं, व्हॉट्सॲपवर एक जण पाच हजारात अख्खी वंशावळ काढून देतो म्हणतोय, आणि सख्खा भाऊ म्हणतोय गाडलेली मढी कशाला उकरतीस. तर दफनाच्या जुन्या नोंदी नि पेपरातल्या निधनवार्ता कुठं बघायच्या, आणि या वेडाला काही अर्थ आहे का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, अर्थ आहे की, नसता तर मी एवढं लांब उत्तर लिहायला बसलोच नसतो. पण एक कटू गोष्ट आधी सांगून टाकतो. ती समाधी नावानिशी सापडायची शक्यता फार कमी आहे. आपल्याकडं माणसाला बसवून, हातात इष्टलिंग देऊन पुरतात, वर मातीचा ढीग नाहीतर चार दगड, ऐपत असली तर चौथरा आणि वर नंदी. १९१८ ला गिरणीकामगाराच्या घरी, तेही साथीत, दगडावर नाव कोरून घ्यायला पैसा कुणाकडं होता आणि उसंत तरी कुणाला होती. त्या साथीत देशभरात कोटीच्या वर माणसं गेली, सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबर तीनच महिन्यांत बहुतेक सगळी, आणि पुरणारे पण आजारीच होते. त्यात लिंगायतांची रुद्रभूमी असो, कब्रस्तान असो नाहीतर ख्रिस्ती दफनभूमी, शहरातली जागा परत परत वापरली जाते हे कुणी तोंडावर बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक असतंय. आणि अजून एक, पणजोबा सोलापुरातच गेले हे तरी कशावरून? साथ आली की लोक गिरणी सोडून गावाकडं पळायचे, प्लेगात तर शहरं ओस पडायची. तुमच्या पत्रात "मानमोडीत गेले" एवढंच आहे, कुठं गेले ते नाहीच. म्हणजे तुम्ही सोलापुरातली स्मशानं पालथी घालाल आणि माणूस गावाकडच्या बांधावर असेल.

म्हणून माझं म्हणणं असं की पणजोबांना थेट शोधायला जाऊ नका. मेलेला माणूस कागद करत नाही, त्याच्या मागं जे राहिले ते करतात. बायको राहिली, दोन वर्षाचं पोर राहिलं, भाऊबंद राहिले, त्यांना पुढं शाळेत, कोर्टात, तलाठ्याकडं, पेपरात कुठं ना कुठं "ह्याचे वडील मयत" असं लिहून द्यावंच लागलं. तो कागद शोधायचा. आजपासून सुरू करून एकेक पिढी मागं जायचं, मधली पिढी सोडून उडी मारायची नाही, कारण उडी मारली की त्याच नावाचा भलताच माणूस गळ्यात पडतो. सोलापूर जिल्ह्यात बसप्पा, सिद्रामप्पा आणि मल्लप्पा किती असतील याचा विचार करा की.

पहिलं काम आजोबांच्या शाळेत. तुमच्याकडं दाखला आहे म्हणालात, पण दाखला हा नुसता अर्क असतोय, खरा माल जनरल रजिस्टरमध्ये असतो. शाळा चालू असेल तर मुख्याध्यापकांना अर्ज देऊन जनरल रजिस्टरच्या त्या ओळीची पूर्ण नक्कल मागा, दाखल्याची दुसरी प्रत नको, रजिस्टरची नक्कल, हे नीट लिहा. शाळा बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठं वर्ग झालं ते शिक्षण मंडळात विचारा. त्या ओळीत पालकाचं नाव, धंदा आणि राहायचं ठिकाण असू शकतं, आणि बाप वारलेला असेल तर पालक म्हणून जो उभा राहिला त्याचं नाव येतं. तो बहुतेक मामा नाहीतर चुलता. मामा निघाला तर पणजीचं माहेर सापडलं, चुलता निघाला तर भावकी सापडली, दोन्हीकडं गावाचं नाव आपोआप येतंय. पणजोबांचं नाव तुम्हाला माहीतच आहे, पण ह्या पालकाचं नाव तुमच्या घरात आज कुणालाच माहीत नसणार, आणि पुढचा सगळा शोध त्याच्यावर उभा राहणार आहे.

त्या १ जूनवर मात्र फार विसंबू नका. महाराष्ट्रात निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनलाच असतोय, मास्तरांनी पोराकडं बघून साल ठरवायचं आणि शाळेच्या हिशोबाला बसेल अशी तारीख टाकून द्यायची. तरी साल दोन-तीन वर्षं इकडंतिकडं होईल, दहा वर्षं नाही होणार. म्हणजे आजोबा १९१६ च्या आसपासचे धरले तर पणजोबा १९१८ ला गेले ही गोष्ट बसते. हे असं ताडून बघायची सवय लावा, कारण घरातल्या आठवणीत प्लेग, मानमोडी आणि पटकी सगळ्यांची मिळून एकच साथ झालेली असते. तसंच इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉचं. सोलापुरात ज्याचे त्याचे पणजोबा १९३० च्या मार्शल लॉमध्ये होतेच, नसतील तर निदान समोरच्या माडीवरून बघत तरी होते! पण असल्या आठवणी टाकून देऊ नका, साल ठरवायला त्याच कामाला येतात. त्याच वेळच्या आंदोलनातले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, ती तारीख पक्की आहे, मग "आजोबा तेव्हा मिलला लागलेले की शाळेतच होते" एवढं वडिलांना विचारलं तरी दोन वर्षांचा घोळ मिटतो. साथ दिवाळीआधी होती की नंतर, घरात गणाराधना म्हणजे मयताच्या नावानं जंगमांना जेवण कधी करायचे, तिथी कुठली धरायचे, हे पण विचारा. शके १८४० चा आश्विन म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर, आणि शके सालात ७८ मिळवले की इसवी साल येतं, वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांना ७९.

आता जरा नाजूक विषय. पणजीचं पुढं काय झालं? तुमच्या अख्ख्या पत्रात तिचं नाव एकदाही नाही. विशी-पंचविशीतली विधवा, कडेवर पोर, आपल्याकडं तेव्हा विधवेचा पाट लागायचा, कानडीत उडकी म्हणायचे, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं पण पुढच्या पिढ्यांनी ते लपवलं. तसं झालं असेल तर आजोबा मामाकडं वाढले असतील, किंवा सावत्र बापाच्या घरी, आणि मग आडनावच बदललं असेल. भाऊ जो मढ्यांचा विषय काढतोय त्यानं कधीतरी असलं काही अर्धवट ऐकलेलं असू शकतंय. तेव्हा वडिलांशी बोलताना "खरं सांगा" असला सूर लावू नका. "आज्जीला माहेरचं कोण कोण होतं ओ" इथून सुरू करा आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. शंभर वर्षांपूर्वीच्या बाईची लाज आज आपण वाटून घ्यायची काही गरज नाही, पण ऐंशीच्या माणसाला ती वाटत असेल तर त्याचा मान ठेवायचा.

गाव पक्कं झालं की पुढचा प्रश्न, १९१८ ला ते गाव कुणाच्या राज्यात होतं? सोलापूरवाले इथंच फसतात. आज सगळा जिल्हा एक आहे म्हणून तेव्हा पण असेल असं वाटतं, तसं नव्हतं. अक्कलकोट हे भोसल्यांचं संस्थान, १९४८ ला विलीन झालं. मंगळवेढा सांगली संस्थानात. आणि तुळजापूर-नळदुर्गच्या बाजूला गेलात की निजामाचं राज्य, तिथं महसुली कागदावर उर्दू आणि फसली साल, फसलीत ५९० मिळवायचे, म्हणजे फसली १३२८ हे साधारण १९१८-१९. तुमचं गाव आज अक्कलकोट तालुक्यात आहे म्हणून ते संस्थानचंच होतं असं पण धरू नका, गावागावाचं वेगळं असू शकतं, तहसीलमध्ये पहिल्याच दिवशी हेच विचारा की गाव संस्थानी की खालसा म्हणजे थेट इंग्रजांचं, कारण दप्तर त्याप्रमाणं वेगवेगळं लागतंय.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मागायचं ते कोतवाल बुक. गाव नमुना नंबर १४ म्हणतात त्याला, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद. मयताचं नाव, जात, तारीख, वय, कशानं गेला, असं त्यात असतं. वय म्हणजे अंदाजपंचे असतंय, सगळे तीस, चाळीस नाहीतर साठचे. पूर्वी ही बुकं कुणी हातात पण देत नव्हतं, पण २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, न्यायमूर्ती शिंदे समिती आली, आणि तेव्हापासून रेकॉर्ड रूमच्या बाबूला कोतवाल बुक म्हटलं की लगेच कळतंय. मोडी वाचणारे लोक बसवले, बरंच स्कॅन झालं, काही जिल्ह्यांच्या साईटवर टाकलं. ते काम दुसऱ्या कारणासाठी झालं, पण फायदा आपल्यालाही होतोय, घ्यायचा. त्यातच "आपले अभिलेख" नावाची सरकारी साईट आहे, तिथं जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन केलेले मिळतात, तुमचा तालुका त्यात आहे का बघा. गावाकडं गुंठाभर जरी जमीन असली तरी मयताचं नाव कमी करून वारस लावल्याचा फेरफार झालेला असणार, आणि त्या एका ओळीत बायको, मुलं, भाऊ सगळे येतात. मला विचाराल तर मृत्यूच्या नोंदीपेक्षा वारसाचा फेरफार कधीही भारी. फक्त हे लक्षात ठेवा की फेरफार मेल्याबरोबर होत नाही, पाच-दहा वर्षांनी, भांडण लागल्यावर पण होतो, म्हणून १९१८ ते १९३५ सगळं बघायचं.

मोडी येत नाही म्हणून घाबरू नका. अख्खं वाचायला शिकायला वेळ लागेल, पण पणजोबांचं नाव, बापाचं नाव आणि गावाचं नाव मोडीत कसं दिसतं एवढं कुणाकडून तरी लिहून घ्या आणि ते तीन आकार डोळ्यात बसवा. आकडे ओळखीचेच वाटतील. संशयित ओळ सापडली की फोटो काढून मोडी जाणकाराकडं न्या, पूर्ण बुक वाचून द्या म्हणू नका, तीन ओळी वाचा म्हणा, बरेच जण चहावर वाचून देतात. आणि गावात जुनं कुलकर्ण्यांचं घर असेल तर तिथं पण जाऊन या, १९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतनं गेली तरी माळ्यावरची बासनं सगळ्यांनीच काही टाकून दिली नाहीत.

शहरातल्या नोंदीचं आता. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची, महापालिका १९६४ ला झाली. "जुनं नसतंय" हे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणं कुणीही फी भरून रजिस्टरात शोध घ्यायला लावू शकतं आणि उतारा मागू शकतं, त्यासाठी वारस असल्याचं सिद्ध करावं लागत नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि नोंद नसेल तर अनुपलब्धता प्रमाणपत्र मागा, त्याचा नमुना ठरलेला असतो. अर्ज करताना एकच तारीख नका देऊ, सप्टेंबर १९१८ ते मार्च १९१९ असा काळ द्या, आणि पेठ द्या, कारण रजिस्टर तारखेनं चालतंय, आडनावानं नाही. कुठल्या सालापासूनची रजिस्टरं ताब्यात आहेत एवढंच माहिती अधिकारात विचारलं तरी चालतंय, ह्या प्रश्नाला टाळाटाळ करता येत नाही. बाकी उतारा मिळाला तरी त्यावर मृत्यूचं कारण नसणार, ते द्यायला कायद्यानंच मनाई आहे, तेव्हा मानमोडीचा पुरावा त्यातून निघेल ही आशा सोडा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पेपर. ताई, १९१८ ला गिरणीकामगाराची निधनवार्ता पेपरात यायची नाही, स्पष्टच सांगतो. त्या वेळी सोलापुरात कल्पतरूसारखी पत्रं निघत होती, पण त्यात वकील, शेठ, सावकार, शास्त्री यांच्या बातम्या असणार. तुमचा खजिना पुढं आहे, १९६० नंतर, संचार, सोलापूर समाचार या घरोघर येणाऱ्या पेपरांत. म्हणजे पणजोबा सोडा, आजोबा कधी गेले, आजोबांच्या बहिणी आणि चुलत भाऊ कधी गेले, ते बघा. "लिंगैक्य झाले, पश्चात तीन मुले, दोन मुली, सुना, नातवंडे, पुतणे असा परिवार, अंत्ययात्रा राहत्या घरापासून निघेल" असली चार ओळींची बातमी असते, पण ती नीट वाचायला पाहिजे. "राहत्या घरापासून" नंतर पत्ता येतो. "अमुक दुकानाचे मालक यांचे मामा" असं आलं की नातं उघडं पडलं. पुतणे लिहिलेत म्हणजे भाऊ होता. मुलींची नावं मात्र नसतात, असली तर सासरच्या नावानं, म्हणून जावयांची नावं टिपून ठेवा, आत्या सापडायचा तो एकच रस्ता.

आणि एकाच दिवसाचा अंक बघून उठू नका. निधनाची बातमी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते, मग आठ-दहा दिवसांनी उत्तरकार्याची किंवा गणाराधनेची जाहिरात, आणि बरोबर वर्षानं प्रथम पुण्यस्मरण, फोटोसकट, खाली शोकाकुल म्हणून अख्ख्या खानदानाची नावं, गावासकट. ही पुण्यस्मरणाची जाहिरात सगळ्यात जास्त बोलकी, कारण ती पैसे देऊन दिलेली असते आणि कुणाचं नाव राहिलं तर घरात भांडण होतंय. त्याशिवाय वकिलांच्या जाहीर नोटिसा बघा. जागा विकताना, वारस दाखला काढताना, हरकत असल्यास कळवा म्हणून छापतात त्या. वाचायला कंटाळवाण्या, पण त्यात मयताच्या तारखेपासून सगळे वारस ओळीनं येतात. वारस दाखल्याचे जुने अर्ज कोर्टात १८२७ च्या रेग्युलेशनखाली व्हायचे, अजून होतात, तेव्हा कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये शोधताना "१८२७ चा आठवा" असं म्हणालात तर कारकुनाला लगेच कळेल.

जुने अंक बघायला आधी हिराचंद नेमचंद वाचनालयात जा, मग पेपरच्या ऑफिसात विनंती करून बघा. जाताना महिना आणि साल नक्की करून जा, "सत्तरच्या आसपास" म्हणून गेलात तर तिथं बसून जुन्या सिनेमाच्या जाहिराती वाचत राहाल, माझं तरी तेच होतं. वडील सांगतील की आत्या बहात्तरच्या दुष्काळात गेली, मग १९७२-७३ चे अंक. कागद ठिसूळ झालेला असतोय, पान उलटताना खालून हात घालायचा, फोटो फ्लॅश न लावता काढायचा, आणि फोटोत पेपरचं नाव, तारीख, पान नंबर आला पाहिजे, नाहीतर घरी आल्यावर तो कागद कुठला हे तुम्हालाच कळणार नाही.

एवढं सगळं करण्याआधी खरंतर एक फोन करा, गावाकडच्या भावकीला, आणि विचारा की हेळवी येतात का अजून. तुमच्या वयाच्या शहरातल्या लोकांना माहीत नसेल, सुगी झाली की सजवलेल्या बैलावर बसून यायचे, दारात घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावं म्हणायचे, नवीन जन्मलेल्या पोरांची नावं वहीत चढवायचे आणि धान्य, पैसा, एखादं भांडं घेऊन जायचे. त्यांची घरं वाटून घेतलेली असतात, एका घराण्याचा हेळवी ठरलेला असतो, वही बापाकडून मुलाकडं जाते. लिंगायत, मराठा, धनगर, बऱ्याच घराण्यांच्या वह्या त्यांच्याकडं आहेत. आता बैल कमी, गाडीवर येतात, वर्षाआड काय, चार-पाच वर्षांनी पण येतात, पण येतात. तुमचं घर सोलापूरला येऊन शंभर वर्षं झाली, तुमची शाखा वहीत थांबली असेल, पण कुठं थांबली, "सोलापूरला गेले" अशी ओळ आहे का, पणजोबांना भाऊ किती, हे तिथं मिळेल. वहीत तारखा नसतात आणि मुलींची नावं पण बहुतेक नसतात, म्हणून ती एकटी पुरत नाही, फेरफाराशी ताडून बघायची. तसंच तुळजापूर आणि पंढरपूरच्या पुजाऱ्यांच्या वह्या, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते आपल्या घराण्याचं पान काढतात, पण त्यात जो यात्रेला गेला त्याचंच नाव. शिवाय तुमचं घर कुठल्या मठाचं, होटगी मठाचं की दुसऱ्या कुठल्या, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत सात काठ्यांपैकी (नंदीध्वजांपैकी) कुठल्या काठीमागं चालायचं, हे पण वडिलांना विचारा, त्यावरनं माणसं जोडली जातात आणि मठात म्हातारे लोक बसलेले असतात, त्यांना कुणी विचारतच नाही.

म्हणून त्या व्हॉट्सॲपवाल्याला पाच हजार देऊ नका. त्याला एकच विचारा, प्रत्येक नावापुढं कुठल्या कागदाची कुठल्या तारखेची नोंद देणार? कागदाची नक्कल देतो म्हणाला तर बोलणं पुढं न्या. नुसतं छापील झाड देणार असेल, वर राजघराण्याशी जोडून देणार असेल, तर सोडून द्या.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण थोडं लिहितो, कारण असली पत्रं सगळ्या पेठांतून येतात. ख्रिस्ती घर असेल तर तुम्ही नशीबवान, चर्चचं दफनाचं रजिस्टर असतंय, त्यात वय, धंदा, मृत्यूची आणि पुरल्याची तारीख, विधी कुणी केला हे असतं. आणि त्याच चर्चमधलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर जोडून वाचा, आईचं नाव त्यात सापडतं. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम मोठं, त्यांचं ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ पासून निघतंय, मंडळीतल्या माणसांच्या निधनाच्या बातम्यांसाठी ते चाळायलाच पाहिजे, आणि मिशनचे कागद अमेरिकेत हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत. रेल्वेत किंवा फौजेत असलेल्या गोऱ्या, अँग्लो-इंडियन घरांच्या मुंबई इलाख्यातल्या दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत गेल्या, फिबिस नावाच्या संस्थेच्या साईटवर त्यातलं बरंच फुकटात शोधता येतं. मुसलमान घरांनी कब्रस्तानच्या ट्रस्टकडं विचारावंच, पण पक्क्या कबरी कमी, म्हणून काझींच्या निकाहच्या रजिस्टरवर जास्त भरवसा ठेवा, त्यात दोन्हीकडच्या बापांची नावं असतात. साखर पेठ, भवानी पेठेतल्या तेलुगू घरांनी आडनावाची मराठी स्पेलिंगं पाच-सहा प्रकारे करून बघावीत, कारकुनाला ऐकू आलं तसं त्यानं लिहिलंय. आणि सेटलमेंटमधल्या कुणी हे वाचत असेल तर, तुमच्या आज्या-पणज्यांच्या नोंदी सरकारनं गुन्हेगार जमाती कायद्याखाली त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून केल्या, तो कायदा १९५२ ला गेला. त्या नोंदीत माणसाला काय काय म्हटलंय ते वाचून रक्त तापेल, तरी नाव, बापाचं नाव आणि साल तेवढं घ्या, बाकीची भाषा ज्यानं लिहिली त्याची.

ताई, समाधीचं म्हणाल तर वडिलांचं वय बघता कागद पूर्ण व्हायची वाट बघत बसू नका. गाव पक्कं झालं की त्यांना गाडीत घालून एकदा घेऊन जा, भावकीची पुरायची जागा, मग ती रुद्रभूमी असो की शेताचा बांध, गावातलं कुणीही दाखवेल, फूल तिथं वाहता येतं, नेमका दगड लागत नाही. आणि त्यांना आधी नीट सांगा की ही भावकीची जागा आहे, हेच ते म्हणून दाखवू नका. भावाला पण बरोबर घ्या, फेरफारावर वारस म्हणून त्याचंही नाव लागणारच आहे, तेव्हा जमिनीचा एखादा विसरलेला तुकडा निघाला तर मढी उकरायला तुमच्या आधी तोच फावडं घेऊन येईल.